मोठ्या हॉटेलातील दोन रात्री

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षे काढली, त्यामुळे घराबाहेर झोपण्याची मला सवय आहे. पण ती झोप कुठली, तर शासकीय विश्रामगृहातली, कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातली, नाही तर एखाद्या गावच्या समाजमंदिरात सतरंजीवरची. पैसे मोजून मोठ्या हॉटेलात उतरण्याचा योग कधी आला नव्हता. तो गेल्या डिसेंबरात आला, आणि तोही आमच्या मुलीमुळे. कितीतरी घरांतली मुले-मुली आता शहरात नोकरीला आहेत आणि आईबापांसाठी असे काहीतरी करावे असे त्यांच्या मनात येत असते, म्हणून हा अनुभव जसा आला तसा लिहितो आहे.

आमची मुलगी पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत आहे. राहते ती भाड्याच्या खोलीत, तिघी मुली मिळून. तिच्या वाट्याला जेवणासह महिन्याचे साडेआठ हजार येतात. तिथे पाहुण्याला, विशेषतः वडिलांना, मुक्कामाला परवानगी नाही. मी मोशीच्या कृषी प्रदर्शनाला जाणार होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, या वेळी आईलाही आणा. तुमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आईनं कधी पुणं धड बघितलं नाही. राहायचं मी बघते." तिने बघितले ते असे. तिच्या कंपनीचे एक संमेलन ज्या हॉटेलात झाले होते, तिथेच आमच्यासाठी दोन रात्रींची खोली घेऊन टाकली. त्या हॉटेलचे नाव बरेच गाजलेले आहे. 'मातीशी नाते', 'शेतातून थेट ताटात' अशी त्याची जाहिरात मोबाईलवर मीही पाहिली होती. मुलीने पाहिला होता तो त्याचा दर्शनी भाग आणि जेवणाची जागा. खोल्या तिने पाहिल्या नव्हत्या.

खोलीचा एका रात्रीचा दर ७,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,९६८. दोन रात्रींचे १७,९३६. पोरीच्या दोन महिन्यांच्या राहण्याजेवणापेक्षा जास्त! यात एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के कर आहे आणि त्यावर गेले की १८ टक्के. म्हणजे दर शंभर रुपयांनी खाली असता, तर कर धरून ७,८७५ रुपयेच पडले असते. वरच्या शंभर रुपयांपायी एका रात्रीला एक हजार त्र्याण्णव रुपये जादा गेले. मुलाबाळांनी खोली घेताना एवढे पाहावे.

आम्ही रात्रीच्या एस.टी.ने निघालो आणि पहाटे साडेपाचला स्वारगेटला उतरलो. हॉटेलात पोहोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. काउंटरवरच्या मुलीने हात जोडून स्वागत केले आणि सांगितले की खोली दुपारी दोन वाजता मिळेल. आधी हवी असेल तर दोन हजार रुपये वेगळे. आणि सोडायची कधी, तर सकाळी अकराला. म्हणजे एका दिवसाचे भाडे घेऊन एकवीस तास! हा नियम बहुतेक मोठ्या हॉटेलांत असाच असतो, त्यामुळे फसवणूक म्हणता येत नाही. पण खेड्यातला माणूस रात्रीच्या गाडीने येतो आणि पहाटे उतरतो, हे नियम करणाऱ्याच्या गावीही नसावे. सामान तेवढे ठेवून घेतले, ते बरे केले. मात्र भाकरीचे गाठोडे दारावरच्या माणसाने परत दिले. बाहेरचे खाणे आत चालत नाही म्हणे.

मग आम्ही शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात गेलो. माझी बी.एस्सी. तिथलीच. झाडाखाली बसून भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा खाल्ला. मी कुठल्या वसतिगृहात होतो, कुठल्या प्लॉटवर आम्ही खुरपी चालवली, हे सौभाग्यवतींना दाखवले. खरे सांगायचे तर त्या तीन दिवसांतले सर्वांत चवदार जेवण तेच झाले. असो.

दोनला खोली मिळाली. चादरी पांढऱ्याशुभ्र, फरशी स्वच्छ, यात खोट काढता येणार नाही. खिडकी मात्र भिंतीसमोर उघडत होती. उघडत होती असे तरी कसे म्हणू? काच पक्की बसवलेली. पलीकडे एक अरुंद बोळ आणि त्यात वातानुकूलनाच्या यंत्रांच्या चळतीच्या चळती, दिवसरात्र घरघरणाऱ्या. जाहिरातीच्या चित्रात खिडकीतून डोंगर दिसत होता. विचारल्यावर समजले की डोंगराच्या बाजूच्या खोल्या वेगळ्या आणि त्यांचा दरही वेगळा. पोहण्याच्या तलावाचे चित्रही होते. सौभाग्यवतींना तो नुसता पाहायचा होता. तो दुरुस्तीसाठी कोरडा होता आणि कडेने दोरी लावली होती.

दिव्यांची गंमत निराळीच. खोलीचे कुलूप कार्डाने उघडते आणि तेच कार्ड भिंतीतल्या खाचेत घातले की दिवे लागतात. मी कार्ड घेऊन खाली पाणी विचारायला गेलो आणि इकडे बाईमाणूस अंधारात! परत आलो तर पलंगाच्या कडेला मोबाईलच्या उजेडात बसली होती. "अहो, दिवे खिशात घालून कुठं गेलात?" असे म्हणून हसली, पण पहिल्या पाच मिनिटांत घाबरली होती हे मला कळत होते. दोन बाटल्या पाणी फुकट होते. तिसरी घेतली तिचे, वीस रुपये छापील किंमत असताना, एकशे दहा लावले. हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

न्हाणीघरात बादली नव्हती. छताला तव्याएवढा फवारा आणि खाली काचेचे दार. बादली मागितली, ती चाळीस मिनिटांनी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फवारा सोडला, तर गरम पाणी येईपर्यंत ती बादली गार पाण्याने काठोकाठ भरली. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत. भरलेली बादली मोरीत ओतून द्यायला हात धजेना. ती आम्ही संडासासाठी वापरली. त्या हॉटेलात शंभरावर खोल्या असतील. प्रत्येक खोलीतून रोज सकाळी एक बादली नुसतीच वाहून जाते, याचा हिशेब कोणी मांडला असेल असे वाटत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कामावरून मुलगी भेटायला आली. आठ वाजता तिला परदेशातल्या लोकांशी फोनवर बैठक होती, म्हणून तासभरच सवड होती. ती दारात आली तशी तिच्या आईने उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. "राहू दे की आई, बघू दे," असे मुलगी म्हणाली, तर हिचे उत्तर, "नको, ऊन येतं." तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मुलगी काही बोलली नाही. गादी दाबून पाहिली, आईचा फोटो काढला आणि गेली.

आता जेवणाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

जेवणाच्या दालनाला त्यांनी खेड्याचा थाट दिला आहे. भिंतीवर जू, मोट, तिफण. तिफण उलटी टांगली होती, चाडे खाली आणि फण आढ्याकडे. शेजारी माणूसभर उंचीचे एक छायाचित्र, खाली लिहिलेले, 'आमची ज्वारी, आमचा शेतकरी'. चित्रातले पीक बाजरीचे होते. लांब, गोल, मेणबत्तीसारखी कणसे. ज्वारीचे कणीस गच्च आणि फुगीर असते, हे तिसरीतले पोरही सांगेल. सौभाग्यवती म्हणाल्या, "शेतकरी तरी खरा आहे का बघा." बिल पुढे सुपातून आणून दिले, तेव्हा तर त्यांना हसू आवरेना.

जेवणाच्या कार्डावर 'ग्रामीण थाळी' ९५० रुपयांना होती. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, ग्लुटेनमुक्त, सेंद्रिय. जादा भाकरी १२० रुपये. मी सोलापूर जिल्ह्यातला. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचे गाव आणि ज्वारीचे कोठार. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत नुसत्या ओलीवर येणाऱ्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. साहजिकच मोठ्या अपेक्षेने पानावर बसलो.

भाकरी आली ती बांगडीसारखी गोल, पातळ आणि कडा एकसारख्या कापलेल्या. सौभाग्यवतींनी तुकडा मोडला, तर तो मोडेना, ताणला गेला. ज्वारीची भाकरी कधी ताणत नाही, ती तुटते. पापुद्रा तर नावालाही नव्हता. हिने वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बाळा, यात गव्हाचं पीठ किती आहे?" तो गोंधळला आणि आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला. आचारी उत्तरेकडचा, विशीतला, नम्र पोरगा. त्याने सरळ सांगितले की नुसत्या ज्वारीची पोळपाटावर लाटली की चिरते, म्हणून निम्मे गव्हाचे पीठ घालतो.

त्याचे म्हणणे खरेच होते. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो, त्यामुळे पोळी लाटता येते. ज्वारीत तो नाही. म्हणून आपल्या बायका पिठात कढत पाणी घालतात, पीठ तळव्याने रगडून मळतात आणि लाटण्याऐवजी थापतात. पाण्याच्या उष्णतेने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी धरून राहते. हिने त्या पोराला हाताने करून दाखवण्याची तयारी दाखवली, पदर खोचून उठलीही. पण व्यवस्थापक आले आणि बाहेरच्या व्यक्तीला स्वयंपाकघरात जाता येत नाही, असे हसून सांगितले.

भाकरी जमली नाही तर आपण नाक मुरडून सोडून देऊ. पण कार्डावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिले होते, ते सोडून देण्यासारखे नव्हते. काही माणसांना सिलिअॅक नावाचा आजार असतो. गव्हाचा थोडासा अंश पोटात गेला तरी त्यांच्या आतड्याला इजा होते. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल, तर त्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही. इथे तर निम्मा गहू! मी हे व्यवस्थापकांना शांतपणे सांगितले. त्यांनी डायरीत लिहून घेतले आणि "वर कळवतो, सर" म्हणाले.

'सेंद्रिय' या शब्दाचीही चौकशी केली. सेंद्रिय म्हणून विकायचे तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीने प्रमाणित झालेला माल हवा. दुकानातल्या पुड्यावर 'जैविक भारत' हे चिन्हही असते. आमच्या तालुक्यातले गट त्यासाठी तीन-तीन वर्षे नोंदवह्या भरतात. इथे कागद कुठला, हे कोणालाच सांगता येईना.

भावाचे गणित मी कागदाच्या रुमालावरच मांडले. मालदांडी ज्वारीची हमी किंमत २०२५-२६ साठी क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. एका किलोत साधारण दहा भाकरी होतात, म्हणजे एका भाकरीत पावणेचार रुपयांची ज्वारी. १२० रुपयांच्या भावाने एका क्विंटलच्या भाकरीचे १ लाख २० हजार होतात. हॉटेलवाल्याला जागा, वीज, पगार, भांडवलाचे व्याज असे पुष्कळ खर्च असतात, हे मला मान्य आहे. ९५० रुपये घ्यायलाही माझी हरकत नाही. पण मग त्या पावणेचार रुपयांची ज्वारी तरी पुरती घालावी.

माझे कान टवकारण्याचे आणखी एक कारण होते. आमच्या तालुक्यातल्या सात तरुणांनी अशाच जाहिराती पाहून रंगीत ढोबळी मिरचीसाठी प्रत्येकी दहा गुंठे शेडनेट उभारायचे ठरवले होते. बँकेत कर्जाचे कागद गेले होते. पुण्याची मोठी हॉटेले थेट शेतकऱ्याकडून घेतात, असा त्यांचा भरवसा. म्हणून दुसऱ्या दिवशी मोशीहून परतल्यावर मी हॉटेलच्या भांडारपालाला गाठले. तो माझ्याच जिल्ह्याचा निघाला, त्यामुळे मोकळेपणाने बोलला. भाजी एक ठेकेदार गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून उचलून रोज पहाटे आणतो. रंगीत ढोबळी लागते दिवसाला पाच-सहा किलो. लाल, पिवळी मिळून, एकाच आकाराची, बाराही महिने. पैसे साठ दिवसांनी. शेतकरी थेट माल देऊ शकतो का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं एक दिवस माल नसला तर मी पाहुण्याला काय सांगू?" त्याचेही बरोबर होते. दिवसाला सहा किलो म्हणजे वर्षाचे बावीस क्विंटलही नाहीत. एका शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यांतून एका हंगामात त्याहून कितीतरी जास्त माल निघतो. मग सात जणांचा जाणार कुठे?

गावी परत आल्यावर त्या तरुणांना बसवून मी हे सगळे सांगितले. शेडनेट करू नका असे म्हणालो नाही. पण परतफेडीचा हिशेब यार्डातल्या पडत्या भावावर करून पाहा, हॉटेलच्या भावावर नको, एवढे सांगितले. दोघांनी तसा हिशेब करून काम पुढे नेले, पाच जण थांबले आहेत. थांबलेल्यांपैकी एक माझ्यावर अजून नाराज आहे.

दुसऱ्या रात्री खालच्या सभागृहात लग्नाचा स्वागतसमारंभ होता. साडेबारापर्यंत ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण भिंतीतून येत राहिले. गादी इतकी मऊ की माझी कंबर धरली. शेवटी आम्ही दोघांनी रजया जमिनीवर पसरल्या आणि तिथे झोपलो. नाश्ता मात्र चांगला होता. इडली हलकी, पपई झाडावर रंग धरलेली असावी अशी गोड. चहा खोलीत स्वतः करून घ्यायचा, दुधाच्या भुकटीचा. दोन गाईंचे दूध काढणाऱ्या बाईला तो कसा जावा!

निघताना बिल आले. दोन थाळ्यांचे १,९००, त्यावर १० टक्के सेवाशुल्क १९०, आणि सगळ्यावर १८ टक्के कर. एकूण २,४६६ रुपये २० पैसे. सेवाशुल्क सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते कायम केले. मी एवढेच म्हटले, तर त्यांनी खळखळ न करता बिल बदलून दिले, २,२४२ रुपयांचे. कोणी हटून बसलेच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक वाचकांनी लक्षात ठेवावा. वाचलेल्या दोनशे चोवीस रुपयांतले दोनशे मी त्या आचारी पोराला आणि खोली झाडणाऱ्या बाईंना वाटून दिले. सेवा त्यांनीच केली होती.

मग काउंटरवरच्या मुलीने मोबाईल पुढे केला. "सर, पाच तारे द्या ना, आणि त्यात माझं नाव लिहा." लिहिले तर आम्हा दोघांना गुलाबजाम आणि कॉफी हॉटेलकडून होती. हॉटेलचा बोलबाला कसा होतो, ते त्या गुलाबजामात मला कळले. अशी विकत घेतलेली मते छापू नयेत, असे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० या मानकात म्हटले आहे, पण ते मानक ऐच्छिक आहे. मुलगी लातूरकडची, कोरडवाहू शेतकऱ्याची. महिन्यात अशी पन्नास नावे आली की तिला हजार रुपये जादा मिळतात. माझा हात थबकला. तिच्या हजारासाठी पाच तारे देऊन टाकावेत, असे सौभाग्यवतींचे मत पडले. मी तीन दिले. खिडकी, भाकरी, बादली जशी होती तशी लिहिली, आणि त्या मुलीचे नाव घालून तिच्या अगत्याचे मनापासून कौतुक केले. तीन तारे असले तर नाव धरतात की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हते. गुलाबजाम आम्ही घेतले नाहीत.

हा लेख पाठवण्यापूर्वी मुलीला फोनवर वाचून दाखवला. पैसे तिचे होते, तिला विचारल्याशिवाय छापणे बरे दिसले नसते. तिची आई शेजारी बसून मला खुणा करीत होती की एवढे वाचू नका, पोरीला वाईट वाटेल. मुलगी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईनं पडदा ओढला तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून मी खिडकीकडं बघितलंच नाही." थोडा वेळ आम्ही तिघेही काही बोललो नाही. नंतर तिने सांगितले की मार्चमध्ये कंपनीचे पुन्हा तिथेच जेवण होते आणि तिने मुद्दाम कार्ड पाहिले. 'ग्लुटेनमुक्त' हा शब्द आता काढून टाकला आहे. भाकरी तशीच ताणते, आणि भिंतीवर बाजरीही तशीच आहे.